मनकर्णाबाईंची शिट्टी आणि नऊ लुगडी

एकोणीसशे एकसष्ट साल. पुण्याचं धरण फुटलं ते साल. वऱ्हाड आधी मध्यप्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं आणि आता महाराष्ट्रात येऊन टेकलं होतं. राज्य बदललं की शाळेत पहिल्यांदा बदलतो तो परिपत्रकांचा कागद. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत उन्हाळ्याच्या तोंडावर असंच एक परिपत्रक आलं. विद्यार्थिनींच्या अडचणी ऐकून त्यांना योग्य सल्ला देणारी एक मार्गदर्शन-शिक्षिका प्रत्येक शाळेत असावी, आणि त्यासाठी एका शिक्षिकेस मे महिन्यात सहा आठवड्यांच्या शिबिरास नागपूरला पाठवावे, असं त्यात होतं.

मे महिन्यात नागपूर! शाळेतल्या सगळ्या बायांना एकाच दिवशी घरची अडचण आठवली. एकीची नणंद बाळंत होणार होती. एकीचे सासरे न्हाणीत घसरले होते. संस्कृतच्या बाईंच्या घरी सत्यनारायण होता, आणि तो म्हणे सहा आठवडे चालणार होता. शेवटी उरल्या खेळाच्या बाई, मनकर्णा महल्ले. त्यांना घरची अडचण असणं शक्यच नव्हतं. नवरा होता, पण तो यवतमाळला दुसरी करून सुखात होता. मनकर्णाबाई त्याला दर दिवाळीला न चुकता एक पोस्टकार्ड टाकत. ‘मी बरी आहे. तुम्ही तिकडेच बरे असा.’

बाई तेव्हा छत्तिसाच्या होत्या. उंच, सावळ्या, आणि चालणं असं की मागून कोणीतरी आत्ताच खो दिला आहे. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात पितळी शिट्टी. मंगळसूत्र पेटीत आणि शिट्टी गळ्यात, यावर गावात पुष्कळ बोललं गेलं होतं. बोलून बोलून लोक थकले, शिट्टी गळ्यातच राहिली.

नागपूरच्या शिबिरात त्यांना एकच गोष्ट शिकवली गेली. सल्ला देणाऱ्याने बोलू नये, ऐकावे. बाकी सगळं त्याचंच सहा आठवडे पुरवून पुरवून वाढलेलं होतं. पण ती एक गोष्ट मनकर्णाबाईंना काही केल्या जमेना. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, यांचं उत्तर तयार. शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. ऐकायला बसलं की शिट्टी दातांत धरायची. दातांत शिट्टी असली की बोलता येत नाही. तोडग्यात एकच खोट होती. राग आला की श्वास जोरात सुटायचा आणि शिट्टी आपोआप वाजायची.

मार्गदर्शनासाठी शाळेनं त्यांना खोली दिली ती लेझमांची. लाकडी डंबेल्स, उड्या मारायचा मोडका घोडा, फाटक्या सतरंज्या आणि कोपऱ्यात दोन खुर्च्या. बाईंकडे मन मोकळं करायला जाते असं कोणती मुलगी सांगेल? मग मुलींनीच वाट काढली. वर्गात हात वर करायचा, ‘खेळाच्या बाईंनी लेझीम मागितलं’ म्हणायचं आणि निघायचं. दिवाळीपर्यंत शाळेत इतकी लेझमं इकडून तिकडे फिरू लागली की मुख्याध्यापिका गोदाबाईंनी विचारलं, “महल्लेबाई, कुठं मिरवणूक आहे का?”

बाईंचे सल्ले शिबिरात शिकवल्यासारखे नव्हते. एक मुलगी म्हणाली, “बाई, गणित पाहिलं की मला रडूच येतं.” बाईंनी शिट्टी काढली आणि म्हणाल्या, “मग रडत रडत कर. रडायला डोळे लागतात, हात तर रिकामेच असतात ना?” ती पोरगी त्या वर्षी गणितात पास झाली. वहीत मात्र सगळी शाई पसरलेली होती.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका दुपारी शकुन तायडे लेझीम घ्यायला आली.

शकुन दहावीत होती. तिचा बाप देवमन कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, घर मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहराच्या कडेला. खो-खोत ही पोरगी अशी पळायची की पाठलाग करणारीला तिची नुसती वेणी दिसायची. बाईंनी तीन वर्षं तिला घडवली होती. पहिल्या दिवसापासून एकच नेम लावलेला, शिट्टी वाजली की आहे तिथं थांबायचं. एक पाय हवेत असला तर हवेत. शकुन खरोखरच एक पाय हवेत ठेवून थांबायची, बगळ्यासारखी.

तर शकुन आली, लेझीम उचललं, परत ठेवलं.

“सांग,” बाई म्हणाल्या आणि शिट्टी दातांत धरली.

“बाई, संक्रांतीनंतर माह्यं लगन हाय. मंग शाळा बंद.”

शिट्टी अशी किंचाळली की बाहेर व्हरांड्यात पेंगत असलेले शिपाई नत्थुजी दचकून उठले. त्यांना वाटलं तास संपला. त्यांनी घंटा बडवली, आणि सगळी शाळा वीस मिनिटं आधीच मधल्या सुट्टीत बाहेर पडली. गोदाबाईंनी मुलींना परत वर्गात कोंबायचा प्रयत्न केला, पण मुली म्हणजे काही परिपत्रकं नव्हेत.

रविवारी बाई मोर्णा ओलांडून देवमन तायड्यांच्या घरी गेल्या. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पाटावर वर्तमानपत्रांची चळत. देवमन गल्लीत रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत, आणि न समजलेला मजकूर जास्तच मोठ्यानं वाचत. बाईंना वाटलं होतं, आडमुठा बाप भेटेल, त्याला झोडपता येईल. पण हा माणूस नीट विचार करून बोलणारा निघाला. अशा माणसाला झोडपणं फार अवघड.

“मास्तरीनबाई, पोरीले शिकवाचं नाही असं मी म्हणत नाही,” देवमन म्हणाले. “आमाले तं शिकाच असंच सांगतलं हाय. पण अकरावी होऊन थे काय करीन? पोरगा रेल्वेत हाय, मूर्तिजापूरले, गँगमन. असा पोरगा दोन वर्सं वाट पाहीन का? आज हो म्हणते, उद्या दुसरीकडे जाईन.”

शिट्टी वाजली. शेजारची तीन माणसं दारात आली. “काय झालं गा, देवमन?”

“काही नाही. मास्तरीनबाई आयकून राह्यल्या.”

चुलीपाशी शकुनची आई सुंदराबाई चहा करत होती. तिनं कप बाईंच्या हातात दिला, आणि त्यांच्या बुटांकडे पाहत राहिली.

“रोज घालता?”

“रोज.”

“चावत नाही?”

“चावतात. पण पळता येतं.”

सुंदराबाईनं मान हलवली आणि परत चुलीकडे गेली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

बाईंनी शिट्टी काढून पदरात गुंडाळली आणि आपल्याला माहीत होतं ते सांगून टाकलं. डिसेंबरात अमरावतीला विभागाचे सामने आहेत. त्यातून विभागाचा संघ निवडतील, बारा मुलींचा. त्या बारांत जिचं नाव येईल तिला मॅट्रिक झाल्यावर अमरावतीच्या व्यायाम-शिक्षणाच्या विद्यालयात फुकट प्रवेश, राहणं-जेवणासकट. दोन वर्षांनी शाळेत शिक्षिका.

“कागदावर हाय हे?”

बाईंनी कागद काढला. देवमननी तो तसबिरीखाली बसून दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा गल्लीला ऐकू जाईल असा.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “शकुनचं नाव त्या कागदावर आलं, तं दोन वर्सं मी लगनाचं नाव नाही काढत. मूर्तिजापूरवाल्याले मी सांगतो. पण नाव नाही आलं, तं संक्रांतीनंतर लगन, आन् तुमी माह्या दारात येऊन शिट्टी नाही वाजवाची.”

“कबूल,” मनकर्णाबाई म्हणाल्या. शकुन दाराआड उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तिनं मान डोलावली.

आता काम एकच राहिलं होतं, पळायचं. पण शाळेला एक समिती होती, आणि समितीला एक चिटणीस होते, खुशालराव. पन्नास एकर काळी जमीन, कडक इस्त्रीची टोपी, आणि मुलींच्या भल्याची अशी काळजी की मुलींनाच तिची धास्ती. विभागाच्या पत्रात लिहिलं होतं, खेळाडू मुलींनी पांढरा शर्ट व अर्धी विजार घालावी. अथवा संस्थेने ठरवलेला अन्य गणवेश चालेल. खुशालराव ‘अर्धी’ या शब्दापाशी थांबले. पुढचं त्यांनी वाचलं ते फक्त अडवायची सोय आहे का हे पाहायला, आणि सोय होती. समितीची तातडीची बैठक झाली आणि ठराव झाला. ‘आपल्या शाळेच्या मुलींनी घरंदाज स्त्रीस शोभेल अशा आपल्या पारंपरिक पोशाखातच मैदानात उतरावे, अन्यथा संघ पाठवू नये.’

गोदाबाईंनी ठराव वाचून दाखवला आणि चष्मा काढला. “महल्लेबाई, साडीत खो-खो कसा खेळायचा?”

“नाहीच खेळता येणार. म्हणून तर ठराव केला.”

बाई ठरावाचा कागद घेऊन लेझमांच्या खोलीत बसल्या. दोन तास बसल्या. मग उठल्या आणि थेट खुशालरावांच्या घरी गेल्या. खुशालरावांकडे नव्हे, त्यांच्या आईकडे. दुर्गाबाई सत्तरीच्या. ओसरीवर तूर निवडत होत्या, अंगावर काठाचं नऊवारी लुगडं, मागं काष्टा खोचलेला.

“दुर्गाबाई, एक अडचण घेऊन आले,” मनकर्णाबाई अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या. “आमच्या नऊ पोरींना अमरावतीला घरंदाज बाईसारखं नऊवारी नेसून खेळायचं आहे. समितीचा ठरावच आहे. पण आताच्या पोरींना लुगडं नेसता कुठं येतं? आणि तुमच्यासारखं नेसवणारं अकोल्यात दुसरं कोण आहे?”

“आताच्या पोट्ट्या!” दुर्गाबाईंनी तुरीतला खडा अंगणात भिरकावला. “परकर घालून घोड्यावानी हिंडतात. लुगडं म्हटलं का यायले कापरं भरते. कधी हाय मॅच?”

आतून खुशालराव बाहेर आले. “माय, तू कुठं जातं? म्या ठराव केला तो याच्यासाठी नोहे…”

“मंग कायच्यासाठी केला? घरंदाज लिवलं ना तुनं? का तुले मी घरंदाज नाही दिसत?”

खुशालरावांनी टोपी काढली, परत घातली. आईच्या लुगड्याविरुद्ध ठराव करायची सोय समितीच्या घटनेत नव्हती.

मग नऊ मुलींच्या घरून नऊ लुगडी मागवली. आया म्हणाल्या, लुगडं देतो, पण लुगडं एकटं अमरावतीला जाणार नाही. आपल्या लुगड्याबरोबर सहा आया निघाल्या. सुंदराबाईकडे दोनच लुगडी होती. एक शकुनला दिलं, दुसरं नेसून त्या सहांतली एक म्हणून तीही निघाली.

सकाळच्या पॅसेंजरनं सगळे बडनेऱ्यामार्गे अमरावतीला निघाले. नऊ पोरी, सहा आया, मनकर्णाबाई, दुर्गाबाई, दुर्गाबाईंची पाण्याची पितळी कळशी, आणि दोन पिशव्या भाकरी. खुशालराव आदल्या दिवशीच पुढं गेले होते, पाहुण्यांच्या रांगेतली खुर्ची धरायला. डब्यात दुर्गाबाई खिडकीशी बसल्या. संघातल्या माणिकची आई पार्वताबाई त्यांच्याशेजारी, आणि मग बाकीच्या शेतकऱ्यांच्या घरच्या बाया. सुंदराबाई आत आली तेव्हा पार्वताबाईनं पाय लांब केले. बाक भरून गेला. सुंदराबाई दारापाशी आपल्या पिशवीवर बसली, तांब्या जवळ घेऊन.

मनकर्णाबाईंच्या दातांत शिट्टी होती. ती वाजली. कोणाला तरी पोचवायला डब्यात चढलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं गाडी सुटली, तो घाईघाईनं खालीच उतरला. बाई उठल्या आणि सुंदराबाईशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. मागोमाग शकुन आली, मग माणिक, मग एकेक करून सगळ्या पोरी. समोरचा पोरींचा बाक रिकामा पडला. पार्वताबाई मूर्तिजापूरपर्यंत पाय लांब करूनच बसल्या. ते आखडून घ्यायला त्यांना कारण सापडेना.

अमरावतीच्या मैदानावर दुर्गाबाईंनी नऊ पोरींना एका रांगेत उभं केलं आणि लुगडी नेसवली. नेसवणं खरोखर पाहण्यासारखं. निऱ्या घोट्यापर्यंत, काठ सारखा, पदर खांद्यावरून चापूनचोपून. संघ मैदानात आला तेव्हा कुंपणावरच्या कॉलेजच्या पोरांतून आवाज आला, “अरे, भजन मंडळ आलं!”

समोर अमरावतीचा संघ, पांढऱ्या अर्ध्या विजारी, पोटऱ्या खांबासारख्या. पहिल्या डावात अकोल्याच्या पोरी पळाल्या कमी आणि लुगडं सावरलं जास्त. माणिक स्वतःच्याच निऱ्यांवर पाय देऊन पडली. दुसरीचा पदर खांबाला गुंडाळला गेला. एकटी शकुन दोन्ही हातांनी लुगडं उचलून पळत होती, पण हात गुंतलेले असले की खो कसा देणार? डाव संपला तेव्हा अमरावती पाच गुणांनी पुढं होती. खुशालराव खुर्चीत रेलून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू संस्कृती एक डाव जिंकली.

मधल्या वेळात पोरी लिंबाखाली येऊन बसल्या. दोघी रडत होत्या. दुर्गाबाई पुन्हा निऱ्या नीट करू लागल्या.

तेव्हा सुंदराबाई, सकाळपासून चार हात लांब उभी असलेली, पुढं आली.

“असं नाही व्हत, बाई,” ती दुर्गाबाईंना म्हणाली. “हे ओसरीवर बसाचं लुगडं हाय, पळाचं नोहे.”

“तुले का समजते वं?” पार्वताबाई म्हणाली.

“यायच्याच वावरात निंदलं ना म्या, बारा वर्सं,” सुंदराबाईनं दुर्गाबाईंकडे हात केला. “असं लुगडं नेसून निंदलं असतं, तं सांजलोक एक ओळ नसती निघाली. मुकादमानं हाकलून देल्लं असतं.”

मनकर्णाबाईंनी शिट्टी दातांत घट्ट धरली. आत्ता ती वाजू नये म्हणून त्यांनी श्वासच रोखला.

दुर्गाबाईंनी सुंदराबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पार्वताबाईंकडे. मग मैदानावरच्या पांढऱ्या विजारींकडे.

“मंग बांध ना वं,” त्या म्हणाल्या. “तोंड काय पाहून राह्यली माह्यं?”

सुंदराबाईनं पहिल्यांदा माणिकला पुढं ओढलं, पार्वताबाईच्या पोरीला. निऱ्या सोडल्या, लुगडं दुमडून वर घेतलं, दोन पायांमधून मागं खेचलं आणि कमरेत असा झटका देऊन खोचलं की माणिक एक वीत वर उचलली गेली. पदर कमरेभोवती पिळून गाठ. लुगडं गुडघ्याच्या वर, मांडीला घट्ट. “पळ,” ती म्हणाली. माणिक लिंबाभोवती एक फेरी मारून आली आणि हसायलाच लागली. मग दुसरी. मग तिसरी. दुर्गाबाई लुगड्याचं टोक धरून उभ्या राहिल्या, सुंदराबाई सांगेल तसं सोडत, सांगेल तसं ओढत. पाच मिनिटांत नऊ पोरी बांधून झाल्या.

मैदानात त्या उतरल्या तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत चुळबूळ झाली. त्या लुगड्यांखाली जेवढे पाय दिसत होते तेवढे अर्ध्या विजारीखालीही दिसत नव्हते. खुशालराव उठून उभे राहिले.

“बस खाली, खुशाल!” लिंबाखालून दुर्गाबाईंचा आवाज आला. सगळ्या मैदानानं ऐकला. “तुही आजी अशीच वावरात जाये. तिच्याच निंदण्यावर तुही टोपी हाय!”

खुशालराव बसले. त्यांच्या शेजारच्या पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. ते हसत होते की खोकत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या डावात अकोल्याच्या पोरींनी पाचच्या पाच गुण भरून काढले. शकुननं एका दमात तिघींना गाठलं. आता शेवटची पळती अकोल्याची होती. दोन्हीकडचे गुण सारखे, आणि मैदानात एकटी शकुन उरलेली. घड्याळात अर्धं मिनिट. तेवढं ती टिकली असती तर बरोबरी होऊन पुन्हा डाव. अमरावतीची पोरगी मागे, शकुन पुढे, आणि दोघींमध्ये दोन हातांचं अंतर. ते वाढतच होतं.

कुंपणावरून एका पोरट्यानं ओरडून म्हटलं, “ए वावरातल्ये, तिकडे तण राह्यलं वं!”

मनकर्णाबाईंना राग आला. शिट्टी दातांत होती.

ती वाजली.

आणि शकुन थांबली. आहे तिथं, एक पाय हवेत, बगळ्यासारखी. तीन वर्षांची सवय. मागच्या पोरीनं येऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

अकोला एका गुणानं हरलं. पंचांनी खांदे उडवले. शिट्टी अकोल्याचीच, पोरगी अकोल्याचीच, तक्रार कोणाची लिहायची?

लिंबाखाली बाई जमिनीवर बसल्या. तीन वर्षं त्यांनी घामानं जे बांधलं ते एका श्वासात सुटलं होतं. संक्रांतीला महिनाभर होता. त्यांना मूर्तिजापूरचा गँगमन दिसू लागला, आणि त्याच्या घरातली चूल.

शकुन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “बाई, तुमी शिट्टी वाजवली.”

“वाजली गं.”

“तुमीच म्हणता ना, शिट्टी वाजली का थांबाचं.”

“हो.”

“मंग मी काय चुकली?”

“तू नाही चुकलीस. मी चुकले.” आयुष्यात असं वाक्य बाईंनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्यांचं त्यांनाच ते परक्यासारखं वाटलं. त्यांनी गळ्यातून शिट्टी काढली आणि भाकरीच्या रिकाम्या पिशवीत टाकली.

दुर्गाबाईंची कळशी पोरींच्या धावपळीत केव्हाच सांडली होती. त्यांनी सुंदराबाईच्या तांब्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा तोंड फिरवलं. चौथ्यांदा हात पुढं केला आणि तांब्या तोंडाला न लावता, वरून, पण सगळा रिकामा केला.

दिवस कलताना निवडलेल्या बारा मुलींची यादी फळ्यावर लागली. बाई पुढं जाईनात. शकुनच गेली. पहिल्या नावापासून वाचत आली. सात नावं अमरावतीची, दोन यवतमाळची, एक बुलढाण्याची, आणि अकरावं पुन्हा अमरावतीचं. मग सगळ्यात शेवटी, जागा कमी पडली म्हणून बारीक अक्षरात: राखीव, शकुन देवमन तायडे, अकोला.

ते नाव कसं आलं याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक अशी की निवड करणाऱ्यांतले एक म्हातारे वस्ताद म्हणाले, “पळणाऱ्या पोरी पुष्कळ. शिट्टीवर थांबणारी आज एकच पाहिली. बाकीच्यांना थांबवायला पंचाला मागं धावावं लागते.” दुसरी गोष्ट अशी की अकोल्याचं एकही नाव नसेल तर अकोलेकर पत्रं लिहून लिहून जीव खातील, म्हणून एक नाव घातलं. दोन्ही खरं असावं.

दुसऱ्या दिवशी बाई यादीची नक्कल घेऊन मोर्णा ओलांडून गेल्या. गळा मोकळा होता. गल्लीतल्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. देवमन तसबिरीखाली बसले, यादी हातात घेतली आणि वाचू लागले. यावेळी मोठ्यानं नाही.

“तायडेभाऊ, आधी एक सांगते,” बाई म्हणाल्या. “सामना माझ्या शिट्टीनं गेला. पोरीची चूक नाही.”

“समजलं मले. काल रात्रीच सुंदरानं सांगतलं.” देवमन यादीवर बोट फिरवत खाली आले. “मास्तरीनबाई, हे तं बाराव्या नंबरवर हाय. आन् राखीव लिवलं हाय. राखीव म्हंजे कोणी पडलं-झडलं तं घ्याचं. हे काही संघात आलं नाही म्हणावं लागीन.”

बाईंनी तोंड उघडलं. आता दातांत काहीच नव्हतं, बोलता आलं असतं. पण माणूस खरं बोलत होता. राखीव म्हणजे राखीवच.

शकुन दाराआड होती. यावेळी तिनं मान डोलावली नाही.

चुलीपाशी फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज आला. “अवो,” सुंदराबाई म्हणाली, “जिनात तुमचं नाव कितव्या नंबरवर हाय?”

“कायले?”

“सांगा तं खरं.”

“छत्तिसाव्या. पाळीच्या तक्त्यात.”

“मंग पगार भेटते का नाही तुमाले? का पह्यल्या पस्तिसालेच भेटते?”

दारात उभे असलेले शेजारी हसले. त्यांतला एक म्हणाला, “देवमन, बरोबर हाय गा बाईचं!”

“मी त्या पोरीले काल पळतानी पाह्यलं,” सुंदराबाई पुढं म्हणाली. आवाज चढवला नाही. “नऊ पोरी बांधल्या म्या. ज्या बायका माह्या हातचं पाणी नाही पेत, त्यायच्या पोरी. तुमी म्हणले होते, कागदावर नाव पाह्यजे. नाव हाय का नाही कागदावर?”

देवमननी पुन्हा यादी पाहिली. उजेडाकडे धरली. त्या घरात कागदाला मान होता, आणि तो मान त्यांनीच शिकवलेला होता.

“हाय,” ते म्हणाले.

“मंग झालं. मास्तरीनबाई, च्या घेता?”

बाईंनी चहा घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते चुलीच्या धुरानं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चूल तेव्हा विझली होती.

मूर्तिजापूरचा गँगमन दोन वर्षं काही थांबला नाही. त्यानं त्याच उन्हाळ्यात बोरगावची मुलगी केली, आणि पुढं ट्रॉलीवरचा मुकादम झाला. देवमन तायडे जिनिंग बंद पडेपर्यंत तिथंच होते. शेवटी त्यांचं नाव अकराव्या नंबरवर आलं होतं, आणि ते सगळ्यांना सांगत की बारावा नंबर काही वाईट नव्हता. सुंदराबाईनं म्हातारपणी शकुनचे जुने कॅनव्हासचे बूट घालून पाहिले. चावतात, म्हणाली, आणि घालतच राहिली.

खुशालरावांनी पुढच्या वर्षी दुसरा ठराव केला, की मुलींनी अर्धी विजारच घालावी. तो एकमतानं मंजूर झाला. दुर्गाबाई त्रेसष्टच्या थंडीत गेल्या. तांब्यातल्या पाण्याचं त्यांनी शेवटपर्यंत घरी सांगितलं नाही. पार्वताबाईंची माणिक दर्यापूरला सासरी गेली. तिथं ती शेतात जाताना अजूनही तोच झटका देऊन लुगडं खोचते आणि सुनांना शिकवते. तो कोणाकडून शिकली हे मात्र पार्वताबाई असेपर्यंत तिनं उघड सांगितलं नाही. नत्थुजी पेन्शनीत निघाले त्या दिवशी त्यांना घंटा बक्षीस मिळाली. गोदाबाईंना लेझमांचा हिशोब कधीच लागला नाही.

मनकर्णाबाई आणखी एकवीस वर्षं शाळेत होत्या. ऐकताना त्या दातांत सुपारी धरू लागल्या. त्यात दोन दाढा गेल्या, आणि राग आला की सुपारी फुटल्याचा आवाज येई, एवढंच. यवतमाळहून एका दिवाळीला त्यांना पहिल्यांदाच उत्तराचं पोस्टकार्ड आलं. ‘मी बरा नाही.’ त्यांनी ते वाचून परिपत्रकांच्या फायलीला लावलं.

शकुन अमरावतीच्या विद्यालयातून बाहेर पडली, परतवाड्याच्या शाळेत खेळाची बाई झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न तिनं सत्ताविसाव्या वर्षी केलं, स्वतः पाहून. भाकरीच्या पिशवीतली ती पितळी शिट्टी तिच्याकडेच आहे, कपाटात. मैदानावर ती कधी नेली नाही. तिथं ती टाळी वाजवायची. आणि नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची, “टाळी वाजली की थांबायचं. पण कोणी मागं लागलेलं असेल, तर आधी पळायचं, मग थांबायचं.”